सहा किलो प्रेशरची बंदूक

माझ्या हातून आजवर एकच माणूस मेला. तो थोड्या वेळानं उठला, धोतर झटकलं, आणि घरी जाऊन नेहमीपेक्षा दोन पुरणपोळ्या जास्त जेवला.

मेलेला माणूस म्हणजे माझे सासरे. (वाचकांत जे जावई असतील त्यांनी एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत. हे जाणूनबुजून केलेलं नव्हतं.)

माझं लातूरला पाइपचं दुकान आहे. शेतीचे पाइप, नळाचे पाइप, ठिबकच्या नळ्या. जगात जे जे लांब, गोल आणि आतून पोकळ असतं ते सगळं मला कळतं, असा माझा समज होता. आता बंदूकही लांब, गोल आणि आतून पोकळच असते. घोटाळा झाला तो तिथंच!

सासुरवाडी चाकूरजवळच्या एका खेड्यात. सासऱ्यांना अख्खं गाव आप्पा म्हणतं, म्हणून आम्हीही आप्पाच म्हणतो. आप्पांना मुलगा नाही, दोन मुली. थोरली सुनंदा माझ्या घरी आली, धाकटी ज्योती नांदेडला महेशरावांकडं गेली. महेशराव म्हणजे माझे साडू. तिथंच विष्णुपुरीला राहतात, पोरांना इंजिनिअरिंग शिकवतात, हळू आवाजात बोलतात, चहात साखर घेत नाहीत आणि मला आदरानं दादा म्हणतात. अशा माणसाशी धड भांडताही येत नाही. त्यांचा मला राग येतो तो एवढ्याचसाठी.

आप्पांच्या घराण्यात एक तलवार आहे. ती म्यानातून निघत नाही. गंजून म्यान आणि तलवार एकजीव झालेत. पण दसऱ्याला संध्याकाळी सगळं गाव शिलंगणाला निघतं, वाजतगाजत शीव ओलांडतं, ओढ्यापलीकडच्या शमीची पूजा करतं, तेव्हा आप्पांच्या घरची ही तलवार सगळ्यांच्या पुढं चालते. आणि ती धरून कोण चालतो? थोरला जावई! म्हणजे मी! लग्न झाल्यापासून हा मान माझा. लातूरच्या बाजारात मला कुणी कुत्रं विचारत नाही, पण वर्षातून एक संध्याकाळ सनई-हलगी माझ्या मागं चालते आणि म्हाताऱ्या बायका माझ्याकडं बोट दाखवून म्हणतात, "ह्यो बघ, ह्यो आप्पाचा थोरला."

मग एका दसऱ्याला महेशराव छर्‍याची बंदूक घेऊन आले.

त्यांनी म्हणे नेमबाजीचा छंद लावून घेतला होता. शमीच्या पलीकडं मोकळ्या रानात एक काठी रोवली, काठीला लाल फुगा बांधला, सगळ्यांना मागं उभं केलं आणि बंदूक खांद्याला लावली. फट्! फुगा गेला. गावानं शिट्ट्या मारल्या. आप्पांच्या डोळ्यांत पाणी. (माझ्या लग्नातसुद्धा आलं नव्हतं.)

"वा रं वाघा!" आप्पा म्हणाले. "ह्याला म्हन्त्यात शिलंगण! न्हाईतर इतकी वर्सं आमी गंजकी तलवार मिरवून ऱ्हायलो. फुडच्या साली ज्याच्या हातात बंदूक, त्यो फुडं!"

आप्पांचे शेजारी मन्मथ काका पुढं झाले, माझ्या हातातली तलवार काढून घेतली आणि बैलगाडीच्या चाकाला उटीचा दगड लावावा तशी आपल्या मोटारसायकलच्या चाकाखाली दिली. गाडी उतारावर होती.

परतीच्या वाटेवर सुनंदा लातूरपर्यंत गप्प होती. घराचं कुलूप काढताना म्हणाली,

"मला काही वाटलं नाही हं."

"मग बोलत का नव्हतीस?"

"काही नाही. ज्योतीनं माझ्याकडं बघून नुसता पदर सारखा केला. बस्. एवढंच."

"मग आता?"

"मग काय? पुढच्या दसऱ्याला आपल्याकडं बंदूक पाहिजे."

बंदुकीतलं मला काहीच कळत नव्हतं. ज्याला कळत होतं असा एकच माणूस ओळखीचा होता. मनावर दगड ठेवून त्यालाच फोन लावला.

"महेशराव, जरा विचारायचं होतं. आपले एक मित्र आहेत. रेणापूरचे. त्यांना छर्‍याची बंदूक घ्यायचीय, पहिलीच."

मास्तर खुलले! "त्यांना सांगा दादा, पहिली बंदूक हलकी घ्या. नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणावी लागते, जड असली की नवा माणूस तिथंच दमतो. फार ताकदीची नको, ती झटका देते, नेम हुकतो. दुर्बीण इतक्यात नकोच, आधी साध्या डोळ्यानं नेम धरायला शिकू दे. दुकानातच खांद्याला लावून बघा. रोज थोडा सराव. रिकामी असली तरी तिचं तोंड माणसाकडं करायचं नाही. आणि दादा, वापरायच्या आधी नळी उघडून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं, पुसायची. हे विसरायचंच नाही."

मी फोन ठेवला आणि सुनंदाला म्हणालो, "लबाड आहे."

"कशावरून?"

"अगं, त्याला कळलं की मित्र म्हणजे मीच. आपल्याला साधी, हलकी, बिनदुर्बिणीची बंदूक घ्यायला लावतो, म्हणजे याची भारी दिसावी! आता बघ. तो जे जे म्हणाला, त्याच्या बरोबर उलटं घ्यायचं."

अशा शास्त्रशुद्ध पायावर आमची निवड सुरू झाली.

लातुरात घेतली असती तर संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं, म्हणून नांदेड गाठलं. दुकानदार एक वयस्कर चाचा. त्यांनी माझं पोट बघितलं, हात बघितले आणि एक छोटी, सडपातळ बंदूक काढून समोर ठेवली.

"पहिली बार ना, सेठ? येच लो. नये आदमी को येच बरोबर."

"ही?" मी ती दोन बोटांनी उचलली. "किती किलो प्रेशरची आहे?"

"क्या किलो?"

"म्हणजे चार किलोची, का सहा किलोची?" (आमच्या धंद्यात पाइप प्रेशरवर विकतात. चार किलोचा पाइप घेणाऱ्याकडं मी जरा तुच्छतेनंच बघतो.)

"बंदूक है सेठ," चाचा म्हणाले, "बोअर नै."

"तरी पण. जाडी किती? भिंत जाड पाहिजे. लांबी कमी वाटते. यापेक्षा लांब नाही?"

एवढ्यात सुनंदानं मोबाइल काढला. त्यात गेल्या दसऱ्याचा फोटो: महेशराव, बंदूक, फुगा आणि कोपऱ्यात अर्धा कापलेला मी. तिनं तो बोटांनी मोठा केला आणि चाचांच्या नाकासमोर धरला.

"चाचा, ही बघा. याच्याहून लांब पाहिजे. फोटोत उठून दिसली पाहिजे."

"अम्मा, बंदूक फोटू में नै चलाते…"

"तुम्ही काढा तर."

चाचांनी हात जोडले, स्टुलावर चढले आणि सगळ्यात वरच्या फळीवरून एक काढली. काय सांगू! काळीभोर, माझ्या छातीपर्यंत लांब, वर दुधाच्या किटलीएवढी दुर्बीण. उचलताना चाचाच थोडे वाकले. मी म्हणालो, "ही खरी सहा किलोची!"

"सेठ, बच्चा सायकल पे सीखता, ट्रक पे नै सीखता," चाचांनी शेवटचा प्रयत्न केला. "कमसे कम कंधे को लगा के देखो."

"घरी लावतो," मी म्हणालो. आधार कार्डाची झेरॉक्स दिली, छर्‍यांची डबी सुनंदानं पर्समध्ये टाकली, आणि बंदूक चादरीत गुंडाळून आम्ही एसटीनं लातूरला आलो. कंडक्टरनं विचारलं, "पाव्हनं, काय हाय हे?" सवयीनं मी म्हणालो, "पाइप."

सराव करायचाच नाही असं काही मी ठरवलं नव्हतं. एका रविवारी गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीवर रिकामी बाटली ठेवली. आता नळी वाकवायची. ती वाकेना! गुडघा लावून बघितला, भिंतीला टेकवून बघितली. शेवटी सुनंदानं दस्ता कवटाळून धरला आणि मी नळीला लोंबकळलो, तेव्हा कुठं कट् आवाज झाला. दोघंही घामानं निथळलो. छर्रा घातला, दुर्बिणीला डोळा लावला. दुर्बिणीत मला फक्त माझ्याच पापण्या दिसल्या, झाडूएवढ्या! तरी बाटलीच्या दिशेनं चाप ओढला.

बाटली जागेवर. टाकीखालच्या पाइपाला मात्र भोक, आणि पाण्याची चिळकांडी थेट शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या गादीवर. तो पाइप माझ्याच दुकानातला होता. 'फुटला तर आणून दाखवा' म्हणून मी गल्लीभर विकला होता तोच! त्यात पाण्याचा टँकर त्याच दिवशी सकाळी आला होता.

सुनंदानं भोकावर अंगठा दाबला आणि ओल्याचिंब तोंडानं मला म्हणाली, "लातुरात माणूस मारला तरी एक वेळ लोक सोडतील. पाणी सांडलं तर सोडणार नाहीत. बंद करा हे!"

सराव संपला. बंदूक दसऱ्यापर्यंत दिवाणात.

खंडेनवमीला आम्ही सासुरवाडीला पोचलो. चादर सोडल्यावर वाडीवस्तीवरनं माणसं बघायला आली. महेशरावांनी बंदूक बघितली, मग माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे विचारलं, "दादा, रेणापूरच्या मित्रानं कोणती घेतली मग?"

"त्यानं बेत बदलला," मी म्हणालो.

नवमीला घरातली सगळी हत्यारं-अवजारं पूजेला मांडली. नांगराचा फाळ, कोयते, विळे, कडबा कटर, मिक्सर, ती गंजकी तलवार आणि आमच्या दोघांच्या बंदुका. पूजा सासूबाईंची, म्हणजे मामींची. मामींचा एक नेम आहे: ज्या वस्तूला तोंड आहे, तिला उपाशी ठेवायचं नाही. कडबा कटरच्या तोंडात हळदीकुंकवाची चिमूट, मिक्सरच्या भांड्यात चिमूट. वर्षभर राबतात बिचारे, असं त्यांचं म्हणणं. महेशरावांनी आपल्या बंदुकीच्या तोंडाला आधीच एक चिंधी बांधून ठेवली होती. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून असेल!

मी आमच्या बंदुकीचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढत होतो. मागून मामींचा आवाज येत होता.

"सुनंदा, हिचं तोंड लई बारीक हाय गं. भरवायला टाइम लागून ऱ्हायला."

"मग राहू दे ना आई."

"असं कसं? नवीन हाय, पयल्यांदाच आली घरी. उपाशी ठिवू का?"

हळद, कुंकू, अक्षता. चिमूट-चिमूट करत आणि उदबत्तीच्या काडीनं आत सारत मामींनी तिला पोटभर जेवू घातलं. मी ऐकलं. ऐकून बरंही वाटलं, की बघा, थोरल्याच्या बंदुकीचं किती कौतुक! दुकानात मी येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला बजावतो, "मोटर चालू करायच्या आधी पाइपात बघा, बेडूक बसलेला असतो." पण स्वतःच्या नळीत बघायचं मला सुचलं नाही.

दसऱ्याला संध्याकाळी मिरवणूक निघाली. पुढं मी! खांद्यावर ती काळीभोर बंदूक, मागं हलगी, बाजूला नव्या पांढऱ्याशुभ्र धोतर-सदऱ्यातले आप्पा, कपाळावर भस्माचे पट्टे. महेशराव रिकाम्या हातांनी मागून येत होते. आपली बंदूक त्यांनी घरीच ठेवली होती. "दादा, यंदा तुम्हीच," एवढंच म्हणाले. सुनंदानं चालता चालता ज्योतीकडं बघितलं आणि पदर सारखा केला. मला सगळं पावलं.

शमीची पूजा झाली. रानात काठी रोवली, काठीला फुगा बांधला. गाव मागं उभं राहिलं. मी बंदूक वाकवायला घेतली. आणि ती, अर्थातच, वाकेना.

हलगीवाला थांबला. मी गुडघा लावला. मन्मथ काका म्हणाले, "आप्पा, जावई बंदूक चालवून ऱ्हायला का उसाचा रस काढून ऱ्हायला?"

महेशराव पुढं आले. त्यांनी दस्ता धरला, मी लोंबकळलो. कट्!

"दादा, नळी बघितली ना?" ते माझ्या कानाशी हळूच म्हणाले.

"महेशराव, सगळं आयुष्य पाइपात गेलंय माझं," मी म्हणालो आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात नळी खाडकन सरळ केली.

"मग आप्पा, तुम्ही तरी मागं या," महेशराव म्हणाले.

"माझ्या शिवंवर मला मागं व्हय म्हन्तूस व्हय?" आप्पा गरजले आणि माझ्या डाव्या बाजूला, थोडं पुढंच, छाती काढून उभे राहिले.

मी दुर्बिणीला डोळा लावला. पापण्या दिसल्या. देवाचं नाव घेतलं आणि चाप ओढला.

ठाप्प!

बंदुकीच्या तोंडातून एक लालभडक ढग निघाला. तो फुग्याकडं जायला हवा होता. पण वारा समोरचा होता. ढग हवेत घुटमळला, वळला आणि सगळाच्या सगळा आप्पांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर जाऊन बसला.

आप्पांनी खाली बघितलं. छाती लाल. धोतर लाल. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होतं. आजूबाजूची जमीन त्यांनी एकदा निरखली, काटे नव्हते तिथं हलकेच बसले, मग आडवे झाले आणि म्हणाले, "गेलो."

मग जो गलका उठला! ज्योतीनं हंबरडा फोडला. सुनंदा ओरडली, "अहो, काय करून बसलात!" कुणी म्हणे ट्रॅक्टर आणा, कुणी म्हणे पाणी पाजा, कुणी म्हणे पाणी पाजू नका. फुगा एकटाच आनंदात डोलत होता. माझ्या खिशातला मोबाइल वाजला. लातूरहून बाजूचा दुकानदार! बातमी तेवढ्यात तिथवर गेली होती. "शेठ, ऐकलं ते खरं का? मग उद्या दुकान उघडणार का न्हाई?" मी बंदूक टाकली आणि आप्पांच्या पायाशी बसलो. तोवर मन्मथ काकांनी आप्पांचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"आप्पा," ते गहिवरून म्हणाले, "लेका, जाता जाता एवढं सांग. आपल्या शेतांमधल्या त्या बांधाचं काय?"

आप्पांनी एक डोळा उघडला. "बांध माझा हाय," म्हणाले, आणि मिटला.

"आप्पा!" मी रडायच्या बेतात. "मी मुद्दाम नाही हो…"

आप्पांनी हात वर केला.

"कुनी थोरल्याला बोलू नगा," ते खोल आवाजात म्हणाले. "मानूस येडा हाय, पर मनाचा साफ हाय. ह्येच्या बापाला मी सबूद दिला होता. माझ्यामागं तलवार थोरल्याच्याच हातात द्या. शिलंगणाला फुडं त्योच. मान त्येचाच."

माझ्या डोळ्यांतून खरोखर धारा लागल्या. ज्याच्यासाठी बंदूक घेतली, एसटीतून आणली, पाइप फोडला, तो मान मिळाला होता. जन्माचा! फक्त त्यासाठी सासऱ्याचा जीव गेला होता.

महेशराव मात्र गुडघ्यावर बसून आप्पांचा सदरा चाचपत होते. त्यांनी काहीतरी चिमटीत उचललं, उजेडाकडं धरलं.

"दादा," ते म्हणाले, "तुम्ही छर्रा कोणता घातला होता?"

छर्रा!

मी आठवून बघितलं. नळी वाकवली, दम लागला, नळी सरळ केली… छर्‍यांची डबी सुनंदाच्या पर्समध्ये होती, आणि ती मी मागितलीच नव्हती.

आता माझी अवस्था बघा. खुनी ठरायचं नसेल तर सगळ्या गावासमोर सांगायला हवं होतं, की मी एवढ्या थाटानं रिकामी बंदूक उडवली. आणि खोटं वाटेल, पण क्षणभर मी विचारात पडलो! खुनी माणसाला निदान लोक भितात तरी.

सुनंदानं तो प्रश्न सोडवला. पर्स उघडली, डबी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. झाकण तसंच होतं, पाइप फोडल्यावर तिनंच चिकटपट्टीनं बंद केलेलं.

"म्हणजे?" ज्योतीनं हुंदका अर्ध्यावर थांबवला.

मामी पुढं आल्या. नवऱ्याच्या मिशीतून तांदळाचा दाणा उचलला, निरखला. "अगं बाई! हे तर मी काल तिला भरवलेलं. तसंच हाय की! कायबी खाल्लं न्हाई हो हिनं."

आप्पा उठून बसले. सदरा-धोतर झटकलं. हात-पाय हलवून बघितले.

"म्हंजे मी मेलो न्हाई?"

"नाही आप्पा," महेशराव म्हणाले.

आप्पा जरा हिरमुसले. एवढं चांगलं बोलून झालं होतं, सगळं गाव रडत होतं, आणि आता घरी जाऊन जेवायचं!

"मग मघाशी जे बोललो ते समदं रद्द," ते म्हणाले.

"तलवारीचंसुद्धा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ते तर पयलं रद्द!"

"आन् बांधाचं?" मन्मथ काका.

"ते तेवढं कायम."

ती बंदूक पुढं महेशराव घेऊन गेले. विष्णुपुरीला सरावाला येणाऱ्या पोरांना ते ती दाखवतात म्हणे. पहिली बंदूक कशी असावी ते आधी सांगतात, मग ही दाखवतात. इकडं लातुरात शेतकरी पाइप घ्यायला येतात, तो उचलून उजेडाकडं धरतात, एका डोळ्यानं आरपार बघतात आणि विचारतात, "शेठ, आत कुंकू न्हाई ना?"

यंदा दसऱ्याला जावं की न जावं अशा विचारात होतो. पण आप्पांचाच फोन आला. "जावईबापू, या. शिलंगणाला सगळ्यात फुडं तुमीच."

मला खरंच वाटेना. "आप्पा, मी? पुढं?"

"हाव. मागं असलात म्हंजी तुमी काय करून ऱ्हायलात ते दिसत न्हाई. लोकं भ्येत्यात."

तर मान परत मिळाला! हलगी मागं, गाव मागं, महेशरावही मागं, आणि सगळ्यांच्या पुढं मी. तलवार मन्मथ काकांकडं. माझे दोन्ही हात गुंतून राहावेत म्हणून मामींनी त्यांत पूजेचं भलंमोठं ताट दिलं होतं. ताटात सगळं होतं. कुंकू तेवढं डबीत होतं, आणि डबीचं झाकण चिकटपट्टीनं बंद केलेलं होतं.